चाळीस बायकांची एक मोळी

धाकटी एकेचाळीस वर्षांची होती, डोक्यात बऱ्यापैकी पांढरे केस होते, आणि तिच्या सहीशिवाय खात्याचा एकही मूल्यमापन अहवाल बाहेर पडत नसे. तरी घरी ती धाकटीच. थोरली बहीण तिच्याहून सहा वर्षांनी मोठी, त्याच इमारतीत एक मजला खाली राहणारी. तिच्या लेखी अहवालबिहवाल ठीक होते, पण लहान ती लहानच.

लहानपणी भांडी कुणी घासायची यावर दोघींत रोज रात्री नाणं उडवलं जायचं. थोरली हरली की नाणं कधी गडगडलेलं असायचं, कधी भिंतीला लागलेलं, कधी "मी अजून तयारच नव्हते" असायचं. मग ते परत उडवावं लागायचं. धाकटीनं चिडून शंभर दिवसांच्या रेघा ओट्यामागच्या भिंतीवर पेन्सिलीनं ओढल्या. शंभरातले सत्तर दिवस भांडी तिनं घासली होती. "नाणं खरं आहे, तू खोटी आहेस," असं तिनं आईसमोर जाहीर केलं. इतकं ठाम विधान करायची संधी तिला पुढं नोकरीतसुद्धा फार वेळा मिळाली नाही.

नोकरी होती खात्याच्या पडताळणी कक्षात. तिसऱ्या मजल्यावर चार खोल्या, एक कायम गळणारा नळ, आणि भिंतभर लोखंडी कपाटं. खातं एखादी योजना सुरू करायचं, दोनेक वर्षांनी कुणाच्या तरी मनात यायचं की बाबा, याचा काही उपयोग होतोय का, आणि मग फायली इथं यायच्या. इथली माणसं सगळ्यावर संशय घेणारी. कुणी म्हणालं, या औषधानं माझी सर्दी तीन दिवसांत गेली, की इथला माणूस विचारणार, न घेता किती दिवसांत गेली असती? अशा माणसांना लग्नाच्या जेवणावळीत कुणी शेजारी बसवून घेत नाही.

कक्षाचे साहेब यातले मेरुमणी. त्यांना सगळे लिफाफेसाहेब म्हणत, आणि ते त्यांना माहीत होतं. त्यांचा दंडक असा की आकड्यांची पेटी उघडण्याआधी करणाऱ्यानं कागदावर लिहून द्यायचं: मी काय तपासणार, कसं तपासणार, आणि किती खात्री झाली तर "उपयोग आहे" म्हणणार. कागद लिफाफ्यात, लिफाफ्यावर दोन सह्या, लिफाफा साहेबांच्या कपाटात. नंतर उत्तर आवडलं नाही म्हणून पद्धत बदलायची सोय नाही. साहेबांनी तरुणपणी एका सहकाऱ्याला त्याच त्या आकड्यांवर एकतीस प्रकारांनी घासाघीस करून एकदाचं हवं ते उत्तर काढताना पाहिलं होतं. ते आठवलं की अजूनही त्यांच्या कपाळावर आठी यायची.

या खेपेचा विषय पाळणाघरांचा होता. कारखान्यांच्या आसपासच्या अठ्ठावीस वस्त्या. त्यातल्या चौदांमध्ये खात्यानं दोन वर्षांपूर्वी पाळणाघरं उघडली होती, चौदांमध्ये नव्हती. प्रत्येक वस्तीतल्या लहान मुलं असलेल्या चाळीस आया निवडल्या होत्या, आणि प्रत्येक आई दर महिन्याला किती दिवस कामावर गेली याची वर्षभराची नोंद आली होती. प्रश्न सरळ होता. पाळणाघर असलं की आईचे कामाचे दिवस वाढतात का? वाढत असतील तर योजना राहील. नसतील तर मार्चअखेर कुलूप.

आणि थोरली त्या चौदातल्या एका पाळणाघरात बाई होती. नुसती बाई नव्हे, सबकुछ. सकाळी सातला कुलूप उघडण्यापासून संध्याकाळी शेवटचं शेंबडं पोर आईच्या कडेवर देईपर्यंत. नवरा गेल्यावर चार वर्षं ती खिडकीत बसून होती. या कामानं ती खिडकीतून उठली. धाकटीनं ही गोष्ट साहेबांना पहिल्याच दिवशी लेखी कळवली होती. साहेबांनी वस्त्यांची नावं पुसून एक ते अठ्ठावीस आकडे टाकले, कोणता आकडा कोणाचा ती यादी आपल्या खणात ठेवली आणि म्हणाले, "आता तुम्हाला सगळ्या वस्त्या सारख्या. करा."

तिनं केलं. लिफाफ्यात लिहून दिल्याप्रमाणे आधी उलट बाजूनं सुरुवात केली: पाळणाघरांचा काडीचाही उपयोग नाही, असं धरून चालू. याला तिच्या धंद्यात शून्य परिकल्पना म्हणतात. मग बघायचं की हे खरं असतं, तर निव्वळ योगायोगानं समोर दिसतोय एवढा किंवा याहून मोठा फरक पडण्याची शक्यता किती. शक्यता शंभरात पाचाहून कमी निघाली तर योगायोगावर ढकलायचं सोडून द्यायचं आणि "उपयोग दिसतो" असं लिहायचं.

फरक निघाला महिन्याला दोन पूर्णांक एक दिवसाचा. आणि तो योगायोग असण्याची शक्यता, वरच्या हिशेबानं, हजारात तीन.

एकाच बाईचे बारा महिने म्हणजे बारा वेगळे पुरावे नव्हेत, एवढं तिला कळत होतं. जी जानेवारीत जास्त दिवस जाते ती फेब्रुवारीतही जातेच. म्हणून तिनं प्रत्येक बाईच्या बारा नोंदींची एक मोळी बांधली होती आणि मोळ्या मोजल्या होत्या, काड्या नव्हे. याबद्दल तिनं स्वतःची पाठ थोपटून घेतली. हजारात तीन! तिनं पडद्यावरचा आकडा तीनदा वाचला. मग डबा न खाताच संध्याकाळी घरी निघाली, आणि जी गोष्ट वीस वर्षांत केली नव्हती ती केली. अहवाल जाण्याआधी घरी सांगितलं.

थोरली खिडकीपाशी मटार सोलत होती. पाळणाघरातल्या मुलांसाठी नव्हे, घरचेच. धाकटीही समोर बसली आणि शेंगा ओढून घेतल्या.

"ताई, उपयोग आहे," ती म्हणाली. "दोन दिवस. महिन्याला."

"कसले दोन दिवस?"

"पाळणाघर असलं की बाई महिन्याला दोन दिवस जास्त कामावर जाते. सिद्ध झालं."

थोरलीनं ओंजळभर दाणे पातेल्यात टाकले. "एवढ्यासाठी तुम्ही वर्षभर सरकारी पेन झिजवलंत? मला विचारायचं. मी बसल्या जागी सांगितलं असतं."

"तू सांगून चालत नाही ना."

"का नाही चालत? अगं, मागच्या थंडीत माझा घसा बसला, आठवतंय? ताप होता. तीन दिवस पाळणाघर बंद. तीनही दिवस चाळीसच्या चाळीस बायका घरी! मुकादम बोंबलत आला दाराशी. म्हणतो, बाई, तुमच्या एका घशापायी माझा अख्खा विभाग बसलाय." थोरली हसली. "आणि त्या शिलाईच्या कारखान्यात काम कमी झालं तेव्हा? अख्खी गल्ली एका दिवशी रिकामी. आमच्याकडं सगळं असंच असतं, एकीचं ते सगळ्यांचं. घे ना, शेंगा तशाच धरून बसलीस."

धाकटी शेंगा तशाच धरून बसली होती. एक घसा आणि चाळीस बायका. तिनं प्रत्येक बाईची वेगळी मोळी बांधली होती, आणि अकराशे वीस मोळ्यांना अकराशे वीस स्वतंत्र साक्षीदार समजून मोजलं होतं. पण पाळणाघर बाईला मिळालं नव्हतं, वस्तीला मिळालं होतं. ताप आला तर वस्ती घरी बसत होती, काम आलं तर वस्ती बाहेर पडत होती. चाळीस जणी मिळून फार तर आठ-नऊ साक्षीदारांएवढं नवं सांगत होत्या. बाकीच्या त्यांचीच री ओढत होत्या. हे पहिल्या वर्षाच्या पोराला शिकवतात. तिनं स्वतः शिकवलं होतं.

"काय गं?" थोरली म्हणाली.

"काही नाही. उद्या लवकर जायचंय."

दुसऱ्या दिवशी तिनं मोळ्या सोडल्या आणि पुन्हा बांधल्या, वस्तीची एक. अठ्ठावीस मोळ्या. फरक तोच राहिला, दोन पूर्णांक एक दिवस. तो कुठं जाणार? पण त्या फरकाभोवतीची अनिश्चितता दुपटीहून वाढली. योगायोगाची शक्यता हजारात तीनवरून शंभरात सतरावर गेली. खरा फायदा महिन्याला पाच दिवसांचा असू शकत होता, शून्य असू शकत होता, एखाद्या दिवसाचा तोटासुद्धा असू शकत होता. या आकड्यांवरून त्याहून पक्कं काही म्हणता येत नव्हतं.

ती बराच वेळ त्या सतराकडं बघत बसली. नळ गळत होता. खरं सांगायचं तर तिच्या मनात आलंच, की हे मला मटार सोलताना कळलं. मी मटार सोलायला बसले नसते तर? आणि मग त्याहून सोयीची गोष्ट आठवली: लिफाफा. लिफाफ्यात तिनं सहा महिन्यांपूर्वी स्पष्ट लिहिलं होतं, "बाईनिहाय मोळी". नियमानं तेच उत्तर बरोबर होतं. नियम मोडायचाच नव्हता तर तिला काही करायचीच गरज नव्हती.

ती साहेबांच्या खोलीत गेली आणि सगळं सांगितलं, घशासकट.

साहेबांनी लिफाफा काढला, चष्मा लावला, कागद वाचला. "बाईनिहाय लिहिलंय."

"हो."

"माझी सही आहे. तुमची सही आहे. मग पद्धत आता कशी बदलता येईल? उद्या दुसरा कुणी येईल, परवा तिसरा. प्रत्येकाला उत्तर बघितल्यावरच चूक सापडते, बाई. तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे, साहेब. पण ज्यांना सापडते त्यांना हवं ते उत्तर आलेलं नसतं." तिचा आवाज थोडा चढला. "मला हवं तेच आलंय. माझ्या बहिणीचं पाळणाघर राहतंय त्यात. मी ते बदलायला आलेय."

साहेबांनी चष्मा काढला, रुमालानं पुसला, पुन्हा लावला. पस्तीस वर्षांत लिफाफ्याशी असं भांडायला कुणी आलं नव्हतं. पद्धत ठरवताना चूक त्यांनीही केली होती; सही त्यांचीही होती. शेवटी त्यांनी कागदाच्या तळाला लिहिलं, "आमचं चुकलं होतं. वस्तीनिहाय हवं," खाली तारीख घातली, सही केली आणि कागद तिच्यापुढं सरकवला.

"दोन्ही आकडे अहवालात द्या," ते म्हणाले. "चुकीचाही. कसा चुकला तेही लिहा."

"घशाचं?"

"घशाचं नको. पण वस्तीचं लिहा."

घरी सांगणं याहून अवघड होतं. थोरलीनं दरम्यान पाळणाघरात सगळ्या आयांना बातमी देऊन टाकली होती. एकीनं टाळ्या वाजवल्या, मग मुलांनी कारण न कळताच वाजवल्या.

"म्हणजे मी तोंड उघडलं नसतं तर आमचं पाळणाघर राहिलं असतं?" थोरलीनं विचारलं.

"चुकीचं उत्तर बरोबर म्हणून गेलं असतं."

"गेलं असतं तर कुणाचं काय बिघडलं असतं? सांग ना. कुणाचं?"

धाकटीला उत्तर येत होतं, पण ते पुढच्या योजनांचं होतं, अजून न भेटलेल्या माणसांचं होतं. समोर बसलेल्या बहिणीपुढं ते फारच किरकोळ वाटत होतं. थोरली आठवडाभर वर आली नाही. धाकटी खाली गेली तर दार उघडायची, चहा द्यायची आणि बोलायची नाही.

समितीची बैठक महिन्याच्या शेवटी झाली. टेबलाच्या टोकाला अध्यक्षबाई. आयुष्यभर डॉक्टरकी केलेल्या, बोलायला कमी आणि ऐकायला तयार. बाजूला खात्याचे सचिव. सचिवांना सगळं एका ओळीत हवं असायचं.

"शंभरात सतरा म्हणजे पाचाच्या वर," सचिव म्हणाले. "म्हणजे उपयोग नाही. असं लिहू?"

"नाही," धाकटी म्हणाली. "उपयोग आहे हे सिद्ध झालं नाही, असं लिहा."

"तेच ते."

"तेच नाही, सर. कानातल्याची फिरकी पडली आणि मी ती काडी पेटवून शोधली. सापडली नाही. म्हणून ती घरात नाही, असं म्हणता येईल? काडीचा उजेड केवढासा. आमच्या तपासणीचा उजेडही तेवढाच होता. अठ्ठावीसच वस्त्या. पाच दिवसांचा फायदा असला तरी त्यातून हुकू शकतो."

अध्यक्षबाईंनी पेन खाली ठेवलं. "या पहिल्या चौदा वस्त्या कुणी निवडल्या होत्या?"

सचिव खोकले. "ज्यांच्या माणसांनी आमच्याकडं जास्त खेटे घातले त्यांना मिळाली."

"मग त्या वस्त्या मुळातच चळवळ्या असणार. पाळणाघर नसतं तरी तिथल्या बायका जास्त कामाला गेल्या असत्या कदाचित." अध्यक्षबाई धाकटीकडं वळल्या. "उजेड वाढवायचा तर काय करायचं?"

हा प्रश्न येणार हे धाकटीला माहीत होतं. उत्तरही तयार होतं, आणि ते उत्तर कुणाच्या मुळावर येऊ शकतं हेही ठाऊक होतं. तिनं ग्लासातलं पाणी प्यायलं.

"चिठ्ठ्या टाकायच्या," ती म्हणाली. "कुणाच्या खेट्यांवर नको. अठ्ठावीस वस्त्यांतून चौदा चिठ्ठीनं निवडायच्या आणि दोन वर्षं बघायचं. गेल्या वर्षाच्या नोंदी हाताशी आहेत, त्यामुळं प्रत्येक वस्ती आधी तिच्याच मागच्या वर्षाशी ताडून बघता येईल. अनिश्चितता बरीच कमी होईल."

"आत्ता जिथं पाळणाघर आहे त्या वस्त्याही चिठ्ठीत?"

"सगळ्या," धाकटी म्हणाली. "नाहीतर अर्थ नाही."

सचिवांनाही ते पटलं, कारण पाळणाघरं चौदाच राहणार होती आणि निर्णय दोन वर्षं पुढं जाणार होता. दुसरं कारण त्यांना जास्त आवडलं असावं.

चिठ्ठ्यांचा दिवस ठरला. कोणता आकडा कोणत्या वस्तीचा ती यादी साहेबांनी प्रथमच खणातून काढली आणि भिंतीवर चिकटवली. थोरलीची वस्ती अकरा नंबरची निघाली. धाकटीनं इतके महिने अकरा नंबरच्या नोंदी इतर नोंदींसारख्याच चाळल्या होत्या. आता आठवलं की मागच्या थंडीत तिथं एक खळगा दिसला होता, आणि नोंद घेणाऱ्याचा आळस असेल म्हणून तिनं तो सोडून दिला होता.

पद्धत अशी होती. अध्यक्षबाईंनी मनात येईल तो चार आकडी क्रमांक लिहून लिफाफ्यात घालायचा. सगळ्यांसमोर लिफाफा फोडायचा, क्रमांक धाकटीच्या संगणकात टाकायचा. त्या क्रमांकावरून संगणक अठ्ठावीस वस्त्या पिसून पहिल्या चौदा काढून देणार आणि त्या समोरच्या पडद्यावर दिसणार. क्रमांक आधी कुणाला ठाऊक नाही, त्यामुळं लबाडीला जागा नाही. लिफाफेसाहेब त्या दिवशी नवा शर्ट घालून आले होते.

लिफाफा फोडला. धाकटीनं क्रमांक टाकला आणि कळ दाबली. पडदा निळा झाला आणि निळाच राहिला.

"काय झालं?" सचिव म्हणाले.

पडद्याकडं जाणारी वायर ढिली होती, बाकी काही नाही. धाकटीच्या पुढ्यातल्या संगणकावर चौदा आकडे स्वच्छ उमटले होते. दोन, तीन, सात, आठ, बारा... तिची नजर आठवरून बारावर गेली, परत आठवर आली, पुन्हा बारावर गेली. मधे काही नव्हतं.

"आलेलं दिसत नाही," सचिव म्हणाले. "अडकलं वाटतं. बाई, दुसरा क्रमांक देता का? हा राहू दे."

अध्यक्षबाईंनी पेनाचं टोपण काढलंसुद्धा.

तिला फक्त गप्प बसायचं होतं. खोटं बोलायचीही गरज नव्हती. दुसरा क्रमांक आला असता, नव्या चौदा आल्या असत्या, अकराला पुन्हा निम्मी संधी मिळाली असती. नाणं गडगडलं, हे धरायचं नाही. भिंतीला लागलं, परत उडव. तिला ओट्यामागची भिंत आठवली, त्या रेघा आठवल्या, आणि थोरलीचा राग आला, स्वतःचा आला, त्या वायरीचा तर फारच आला.

"नको," ती म्हणाली. "आलंय. मला इथं दिसतंय. मी वाचते, लिहून घ्या."

साहेब उठून तिच्या खुर्चीमागं येऊन उभे राहिले आणि ती वाचत असताना एकेका आकड्यावर बोट टेकवत गेले. चौदा वाचून झाले. साहेबांचं बोट शेवटच्या आकड्यावर थांबलं. मग त्यांनी तिच्या ग्लासात पाणी ओतलं आणि आपल्या जागेवर जाऊन बसले.

संध्याकाळी तिनं जिना उतरून थोरलीच्या दारावर टकटक केली. आत जाऊन उभ्यानंच सगळं सांगितलं. वायरीचं सांगितलं नसतं तरी चाललं असतं, तेही सांगितलं.

थोरली ओल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. ओल्या कपड्यांच्या घड्या घालत नाहीत, हे तिच्या बऱ्याच वेळानं लक्षात आलं.

"परत उडवता आलं असतं?" तिनं विचारलं.

"आलं असतं."

"मी उडवलं असतं."

"मला माहीत आहे."

"कुणाला कळलंही नसतं."

"नसतं."

थोरली रडली. धाकटीसमोर ती नवरा गेला तेव्हाही रडली नव्हती. धाकटीनं जवळ जाऊन खांद्यावर हात ठेवला, तो तिनं झटकला, मग पुन्हा ठेवला तो राहू दिला.

"त्या बायकांना मी नाही सांगणार," नाक पुसत थोरली म्हणाली. "तू येऊन सांगायचंस. तुझ्या तोंडानं."

म्हणून महिनाअखेरच्या शनिवारी धाकटी पाळणाघरात गेली. बारा बाय अठराची खोली. एका भिंतीला गाद्यांची चळत, दुसऱ्या भिंतीला मुलांच्या उंचीवर ठोकलेल्या खुंट्या, प्रत्येक खुंटीखाली चिकटवलेलं एक चित्र: पतंग, छत्री, कासव. वाचता येत नाही म्हणून चित्रं. ही थोरलीची युक्ती. आया मुलांना कडेवर घेऊन उभ्या होत्या. थोरली टेबलाशी बसून शेवटच्या दिवसाची हजेरी भरत होती. बंद होणार म्हणून तिनं एकही दिवस कोरा सोडला नव्हता. स्वतःच्या आजारपणाचे तीन दिवसही लाल शाईनं नोंदलेले होते.

धाकटीनं सांगितलं. चिठ्ठी टाकली, आपली वस्ती निघाली नाही, दुसरीकडं उघडणार. कुणी आरडाओरडा केला नाही. त्यांना असं ऐकायची सवय होती, आणि ते धाकटीला जास्त लागलं.

"आमचं काही चुकलं का?" एकीनं विचारलं.

"नाही. कुणाचंच नाही."

"मग उपयोग नाही म्हणता का याचा?"

"तसं म्हणत नाही. अजून कळलेलं नाही म्हणतो. पक्कं कळावं म्हणून तर हे केलं."

"कधी कळेल?"

"दोन वर्षांनी."

ती बाई शिलाईच्या कारखान्यात होती. दंडावर अजून दोऱ्याचे तुकडे चिकटलेले होते. कडेवरच्या मुलीनं कासवाच्या खुंटीवरची आपली पिशवी काढून गळ्यात अडकवली होती. बाईनं मनाशी काहीतरी मोजलं.

"तोवर माझी पाच वर्षांची होईल," ती म्हणाली. तक्रार म्हणून नव्हे, नुसतं सांगितलं. मग मुलीच्या चपला शोधायला वाकली.

खोली हळूहळू रिकामी झाली. थोरलीनं हजेरीची वही मिटली आणि धाकटीच्या पुढ्यात ठेवली.

"घे. तुमच्या कामाची आहे. आता आम्ही तुझ्या दुसऱ्या रकान्यात, नाही का? पाळणाघर नसलेल्या."

"हो, ताई."

"मग नीट मोज. आणि ती आत्ता बोलली, तेही लिहून घे."

धाकटीच्या तक्त्यात कामाचे दिवस होते, महिने होते, वस्तीचा क्रमांक होता. मुलाचं वय निकाल लागेल तेव्हा किती असेल, यासाठी जागा नव्हती. तिनं वही उलटी केली, मागचं कोरं पान काढलं आणि लिहायला बसली: वस्ती अकरा, कासवाची खुंटी, आत्ता तीन, तेव्हा पाच. मग पतंगाची. मग छत्रीची. थोरली एकेक खुंटी बघून वय सांगत गेली आणि धाकटी चाळीसच्या चाळीस लिहीत गेली, प्रत्येकीची ओळ वेगळी.